हँडलवरची रेष

या सदरात मी बहुधा शाळा, भाषा आणि सुरतेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या माणसांविषयी लिहितो. या वेळी सायकलीविषयी, आणि तेही तिच्या सुट्या भागांविषयी लिहीत आहे. मुख्याध्यापकाने चेन, छर्रे आणि चिमटे यांच्यावर लेखणी झिजवावी हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण गेल्या दोन वर्षांत या विषयाने माझी जितकी झोप उडवली तितकी व्याकरणाने तीस वर्षांत उडवली नाही. तेव्हा हे लिहिणे भागच आहे.

माझी धाकटी बहीण नंदुरबारला असते. तिचा मुलगा दहावीनंतर पदविकेच्या शिक्षणासाठी आमच्या घरी राहावयास आला. तापीच्या काठाकाठाने धावणाऱ्या रेल्वेने खानदेशातून सुरतेस येणे आमच्या घराण्याला नवे नाही. पूर्वीचे लोक ट्रंक आणि वळकटी घेऊन उतरत, हा एक वेड घेऊन उतरला. कोणा स्कॉटिश तरुणाची चित्रफीत त्याने पाहिली होती. डॅनी मॅकॅस्किल हे त्या तरुणाचे नाव. एडिंबरोत सायकल दुरुस्तीच्या दुकानात काम करणाऱ्या या माणसाची चित्रफीत 2009 च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झाली आणि तो जगभर माहीत झाला. कुंपणाच्या अणकुचीदार गजांच्या माथ्यावरून सायकल चालवणे, भिंतीवरून भिंतीवर उडी घेणे, असले ते प्रकार. मी ते पाहिले आणि मनात म्हटले, वय आहे, ओसरेल.

ओसरले नाही. तेव्हा भाच्याला सायकल घेऊन द्यावी असे मीच ठरवले. मामाचा अभिमान ही मोठी आंधळी वस्तू आहे. दुकानात गेल्यावर भाच्याने कोपऱ्यातल्या एका साध्या, स्प्रिंगा नसलेल्या सायकलीकडे बोट दाखवून म्हटले, "मामा, मला ही चालेल." मला वाटले, पोर भिडस्त आहे, माझ्या खिशाची काळजी करते आहे. मी लाल रंगाची, एकवीस गिअरची, पुढे स्प्रिंगचा चिमटा आणि मधोमध आणखी एक स्प्रिंग असलेली सायकल निवडली. नऊ हजार आठशे रुपये मोजले. वर, दिवसभर मुलांना 'ताठ बसा' म्हणण्याची सवय जडलेली असल्यामुळे, दुकानातल्या पोऱ्याला सांगितले, "हँडल चांगले वर घे रे, पाठीला बाक येतो." त्याने पान्याने नट सैल केला, हँडलची दांडी वर ओढली आणि आवळली. मी समाधानाने मान डोलावली.

चौथ्या महिन्यात, नदीकाठच्या एका बुटक्या कठड्यावरून खाली उतरताना, ते हँडल दांडीसकट भाच्याच्या हातात आले. हनुवटीला पाच टाके, पुढचा एक दात अर्धा, उजवे मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये.

आमच्या गल्लीत एक वृद्ध गृहस्थ राहतात. उधन्याच्या खात्यांमधून पस्तीस वर्षे त्यांनी माग दुरुस्त केले. त्यांनी मोडके भाग मागवून घेतले, रॉकेलच्या फडक्याने पुसले आणि मला ओट्यावर बसवून दाखवले. चिमट्याची जी नळी फ्रेमच्या गळ्यातून वर येते तिच्या बाहेरच्या अंगाला आटे असतात. आटे म्हणजे धातूला मुद्दाम पाडलेल्या खाचा. तेवढ्या जागी नळी कमजोर. हँडलची दांडी या नळीच्या आत शिरते आणि तिचे टोक आतून फुगून नळीला घट्ट धरते. ते टोक आट्यांच्या पुष्कळ खाली, नळीच्या धडधाकट भागात असले पाहिजे. माझ्या हुकमावरून ते नेमके आट्यांच्या आत येऊन बसले होते. तुटलेल्या कडेचा अर्धा भाग काळपट होता, अर्धा चांदीसारखा. "काळा भाग जुना," ते म्हणाले. "तडा कित्येक दिवस आत सरकत होता. चकाकतो तेवढाच त्या दिवशी तुटला."

मग त्यांनी हँडलची दांडी माझ्या हातात दिली. तिच्यावर आडवी रेष कोरलेली होती आणि रेषेशेजारी बारीक इंग्रजी अक्षरे: ही रेष दिसता कामा नये, दांडी निदान इथवर तरी आत गेलीच पाहिजे. रेष आट्यांच्या कडेपासून चांगली दोन बोटे वर होती. "मास्तर, हे वाचलं नव्हतं?" त्यांनी विचारले. त्या प्रश्नात उपरोध नव्हता, हेच फार लागले.

बहीण दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आली. मुलाकडे पाहिले, स्वयंपाकघरात गेली, आणि तिथूनच म्हणाली, "भाऊ, सायकल बंद." मी हो म्हटले. दांडीवरच्या रेषेचे तिला त्या दिवशी सांगितले नाही. पुढे सांगितले, पण त्या दिवशी धीर झाला नाही.

महिन्याभराने एका पहाटे अंगणात आलो तर दूधवाल्याची काळी सायकल मधोमध उभी, तिच्यावर भाचा उभा, एक हात गळ्यात. पाय जमिनीवर नाहीत, चाक फिरत नाही, पुढचे चाक किंचित तिरपे. मी नकळत अंक मोजू लागलो. त्रेचाळीस झाले तेव्हा त्याने मला पाहिले आणि पाय टेकला. सायकल थांबली की पडते असे मी लहानपणापासून मानत आलो होतो. त्या पहाटे मला या खेळाचे मूळ कळले, आणि बंदी घालून हे थांबणार नाही हेही कळले. मी बहिणीला पत्र लिहिले. फोनवर मला असली बोलणी जमत नाहीत. त्यात रेषेची हकीकत लिहिली आणि एक परवानगी मागितली: सायकल पुन्हा होऊ दे, पण या वेळी प्रत्येक भाग मी स्वतः वाचून घेईन. आठ दिवसांनी उत्तर आले. त्यात फक्त एवढेच होते की, दाताची टोपी आधी बसवा.

तेव्हापासून जे वाचले आणि पाहिले ते थोडक्यात सांगतो; कोणाच्या घरी असा भाचा असेल तर उपयोगी पडेल.

या खेळाला ट्रायल्स म्हणतात. त्याचा उगम मोटारसायकलीच्या तशाच खेळात आहे: दगड, ओंडके, चिखल यांतून पाय न टेकता जायचे. स्पेनमधल्या कॅटलोनियात मोंतेसा नावाच्या मोटारसायकल कंपनीत पेद्रो पी नावाचे गृहस्थ होते. मुलगा मोटारसायकलीसाठी अजून लहान, म्हणून तोच खेळ त्याला त्यांनी सायकलीवर शिकवला. पुढे कंपनीने मुलांसाठी तशा सायकलीही काढल्या. तो मुलगा, ओत पी, या खेळाचा जगज्जेता झाला. 1986 पासून जागतिक सायकल संघटनेच्या वतीने याच्या जागतिक स्पर्धा होतात. वीस इंची चाकांचा एक वर्ग, सव्वीस इंचींचा दुसरा. वेगाला इथे किंमत नाही. पाय टेकला की तो मोजला जातो.

आपल्याकडे सायकलीची परंपरा मोठी, पण ती सगळी चालण्याची. सोनीपतच्या अ‍ॅटलासने 1951 पासून आणि लुधियान्याच्या हीरोने 1956 पासून देशाला ज्या काळ्या सायकली पुरवल्या, त्यांवर माणूस, बायको, मूल आणि गव्हाचे पोते एकदम जात असे. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांआधी चढणाऱ्याला घाटाचा राजा म्हणत; त्याच्या सायकलीचे सारे शहाणपण गिअरमध्ये. या दोन्ही सायकली आपापल्या कामात निर्दोष आहेत आणि ट्रायल्सला दोन्ही निरुपयोगी आहेत. पुण्याला कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय 2017 मध्ये उघडले. तिथे भाच्याला घेऊन मुद्दाम गेलो. दुसऱ्या महायुद्धातल्या छत्रीधारी सैनिकांची घडीची सायकल तिथे आहे. फ्रेमच्या वाकवलेल्या नळ्या मधोमध तोडून बिजागऱ्यांनी जोडलेल्या, पंखांच्या मोठ्या नटांनी आवळायच्या. विमानातून टाकायची वस्तू म्हणून तिचा आकार तसा. भाचा तिच्यापाशी पाऊण तास उभा होता. मला पुढची दालने पाहायची होती, पण ते राहूनच गेले.

फ्रेमचा आकार कामावरून ठरतो, हे तिथे दिसले. काळ्या सायकलीत क्रँक जिथे बसतो ती जागा दोन्ही चाकांच्या आसांना जोडणाऱ्या रेषेच्या खाली असते. माणूस चाकांच्या मध्ये टांगल्यासारखा बसतो, म्हणून ती स्थिर धावते. ट्रायल्सच्या फ्रेमीत तीच जागा आसांच्या रेषेच्या वर उचललेली असते, आणि मागचे चाक पुढे ओढून जवळ घेतलेले असते. त्यामुळे हँडल ओढताच सायकल मागच्या चाकावर उभी राहते. बैठक बहुधा नसतेच. म्हणून अशा कामासाठी फ्रेम घेताना मुलाची उंची मोजून, बसवून, टाच टेकते का पाहून घेणे व्यर्थ आहे. बसायचेच नाही, तर लहान मापाची, आखूड फ्रेम बरी.

धातूचा प्रश्न नाजूक आहे. खास ट्रायल्सच्या महाग फ्रेमी बहुतेक अ‍ॅल्युमिनियमच्या असतात. हलक्या, आणि उडी मारायची तर हलकेपणाला मोल आहेच. परंतु अ‍ॅल्युमिनियमचा एक स्वभाव आहे: लहान दणकेही ते विसरत नाही, साठवते. पोलादाला ठरावीक मर्यादेच्या आतले दणके कितीही दिले तरी ते सोसते. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, ते आज ना उद्या थकते. स्पर्धेतले लोक हे जाणून फ्रेम बदलत राहतात. ज्याला एकच फ्रेम वर्षानुवर्षे वापरायची आहे त्याने पोलाद घ्यावे, त्यातही क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेले मिळाले तर उत्तम. पोलाद बहुधा आधी वाकते, मग तुटते. आमच्या गल्लीतल्या गृहस्थांनी हे एका वाक्यात सांगितले: "माग घ्यायचा तो ओरडून मोडणारा घ्यावा."

खास ट्रायल्सची सायकल परदेशातून मागवायची तर वाहतूक आणि कर धरून आकडा लाखाच्या पुढे जातो. तो विचार आम्ही त्याच दिवशी सोडला. शनिवारच्या जुन्या बाजारात एक सव्वीस इंची, स्प्रिंग नसलेली पोलादी फ्रेम चिमट्यासह दीड हजारांना मिळाली. ती घेण्यापूर्वी तिची परीक्षा झाली, आणि ही परीक्षा कोणालाही घेता येते. गळ्याच्या नळीखाली, जिथे तिरपी नळी जोडलेली असते, तिथल्या रंगाला सुरकुती पडली असेल तर ती फ्रेम पूर्वी कशावर तरी आपटलेली आहे, घेऊ नये. मागच्या आसाच्या एका खाचेपासून दोरी गळ्याभोवती नेऊन दुसऱ्या खाचेत ताणून बांधावी; बैठकीच्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर सारखे आले पाहिजे. जोडांवर रॉकेल लावून पुसावे आणि खडूची पूड फासावी. तडा असेल तर आत मुरलेले रॉकेल वर येऊन पांढऱ्यावर काळी रेघ उठते. खडू मी शाळेतून आणला. एवढा एक भ्रष्टाचार कबूल करतो. आणखी एक गोष्ट पाहावी ती मागच्या आसाची खाच: ती आडवी हवी, म्हणजे चाक मागे ओढून चेन ताणता येते. गिअरच्या सायकलींची खाच उभी असते, आणि इथे गिअर नकोच आहेत.

गिअर का नकोत, हे समजायला मला वेळ लागला. काळ्या सायकलीत पुढे 44 दाते आणि मागे 18. पायडलच्या एका फेरीत ती सुमारे साडेपाच मीटर जाते. ट्रायल्सच्या सव्वीस इंची सायकलीत पुढे 18 आणि मागे 15 अशी जोडी असते; एका फेरीत जेमतेम अडीच मीटर. पायाच्या एका झटक्यात चाकाला जोर मिळावा, पल्ला मिळू नये, एवढाच हेतू. आम्ही जुन्या क्रँकचे पुढचे 24 दात्यांचे लहान चक्र ठेवले, मागे 20 दात्यांचे घेतले. गुणोत्तर तेच येते. मोठे चक्र काढून त्या जागी उधन्याच्या लेथवर पोलादी तबकडी कापून बसवली, म्हणजे कठड्यावर आपटले तर दाते वाचतात. क्रँक कॉटर पिनचा मात्र घेऊ नये. ती पिन झिजली की काय होते हे माझ्या पिढीच्या प्रत्येकाला घोट्यापाशी माहीत आहे.

पैसे खरोखर गेले ते फ्रीव्हीलला. साधे फ्रीव्हील एका फेरीत अठरा-वीस ठिकाणीच पकड घेते. म्हणजे पायडल दाबल्यावर ते वीस अंशांपर्यंत पोकळ फिरू शकते. रस्त्यावर हे कळतही नाही. पण जो दोन फूट उंच फळीवर मागच्या चाकावर उभा आहे, त्याच्या पायाखालून ती पोकळ जाणे म्हणजे पायरी नसलेल्या जिन्यावर पाऊल टाकणे आहे. ट्रायल्सची फ्रीव्हीले बहात्तर ठिकाणी, काही एकशे आठ ठिकाणी पकडतात. आम्ही बहात्तरचे मागवले, पाच अंशांचे. फ्रेमच्या चौपट किंमत पडली. शेजाऱ्यांनी विचारले, "एवढे पैसे घातले, ते दिसतात कुठे?" खरेच, कुठेही दिसत नाहीत.

ब्रेकची गंमत वेगळी. मी समजत होतो की ब्रेक चालत्या सायकलीला थांबवण्यासाठी असतो. इथे तो थांबलेल्या सायकलीला थांबलेलीच ठेवतो. उडी घेताना आणि उतरताना चाक तसूभर सरकता कामा नये. त्यासाठी अ‍ॅल्युमिनियमची रिम घेऊन तिच्या कडा चक्क ग्राइंडरने खरवडतात. पूर्वी काही जण रिमला डांबर फासत. चकचकीत लोखंडी रिम पावसात कशी घसरते हे सुरतेत जुलैमध्ये कोणालाही विचारा. खरवडलेल्या रिमवर ब्रेक दाबला की जो आवाज होतो त्याने आमच्या गल्लीतली सगळी कुत्री उठतात. त्याला इलाज नाही.

स्प्रिंगचा चिमटा का वाईट हे एव्हाना वाचकांच्या ध्यानी आले असेल. उडीसाठी हाताने आणि पायाने दिलेला जोर तो आधी स्वतः पिऊन टाकतो. मी लाल सायकलीला दोन स्प्रिंगा आहेत म्हणून जादा पैसे मोजले होते. टायरविषयी एवढेच, की मागचे रुंद घ्यावे आणि हवा कमी ठेवावी. चेन आपल्या काळ्या सायकलीचीच चालते, मात्र नवी घ्यावी. झटका देताना चेन तुटली तर माणूस सरळ हँडलवर जातो. जुन्या चेनीत दोनशे रुपये वाचवणाऱ्याला दाताच्या टोपीचा खर्च मी सांगू शकेन.

राहिले हँडल. या वेळी आत शिरणारी दांडी नाहीच. चिमट्याची नळी बिनआट्यांची, गळ्यातून वर आलेली, आणि हँडलचा जोड तिला बाहेरून दोन स्क्रूंनी आवळतो. वर-खाली ओढायला जागाच नाही. हे स्क्रू फार आवळले तर तेही वाईट, म्हणून कितपत आवळायचे ते सांगणारा पाना गल्लीतल्या गृहस्थांकडून आणला. जुनी नळी, अर्धी काळी अर्धी पांढरी, माझ्या शाळेतल्या टेबलावर कागदांवर ठेवलेली असते. तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी ते काय आहे असे विचारले होते. मी म्हणालो, वजन.

भाचा आता दर रविवारी खात्यामागच्या मोकळ्या जागेत जातो. शिरस्त्राण आणि नडगीचे रक्षक घातल्याखेरीज नाही. निघण्यापूर्वी तो एक वही घेऊन येतो: हँडलचे दोन स्क्रू, हँडल धरणारे चार, क्रँकचे दोन, पुढचा आस, मागचा आस, चेन, दोन्ही ब्रेक. मी एकेक तपासतो आणि तारीख घालून सही करतो.

भाऊबीजेला बहीण आली तेव्हा तिने ओवाळून झाल्यावर ती वही मागितली. चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचली. मग एका ठिकाणी बोट ठेवून थांबली.

"भाऊ, या रविवारी सही नाही."

"त्या दिवशी मला परीक्षेच्या कामाला जावे लागले होते," मी म्हणालो. "सायकल बाहेर काढलीच नव्हती."

भाचा छताकडे पाहत होता.